फातोर्ड्यात बघितलेली भारत-सिंगापूर क्वालिफायर: जागेला साडेचार स्टार, आपल्या टीमला दोन

आधीच सांगून टाकतो, ज्यांना एवढं मोठं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. भारताची फुटबॉलची क्वालिफायर मॅच स्टेडियमवर जाऊन बघणं हा पैसे वसूल प्रकार आहे, मडगावचं फातोर्डा स्टेडियम त्यासाठी झकास जागा आहे, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या टीमनं जे काही दिलं त्यातला पहिला अर्धा तास एक नंबर होता आणि शेवटचा अर्धा तास बघून वाटलं की तिकिटाचे अर्धे पैसे परत मागावेत. भारत १, सिंगापूर २. एशियन कप २०२७ चा आपला विषय तिथंच क्लोज. जागेला साडेचार स्टार, पब्लिकला चार (एक स्टार का कापला ते खाली सांगतो, त्यावरनं माझं आणि मामांचं अजून भांडण चालू आहे), तिकिटाच्या अ‍ॅपला दीड, आणि टीमला दोन, त्यातला दीड आपला गोल मारणाऱ्या एकट्या छांगतेचा.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय असतं ते पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही, त्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा आणि कुस्ती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की त्या दिवशी पेठेत लग्नाची तारीख काढत नाहीत अशी परिस्थिती आहे. मामा स्वतः तरुणपणी एका तालमीच्या टीमला स्टॉपर बॅक खेळलेले, अजून गुडघा धरून चालतात पण लीगची मॅच चुकवत नाहीत. भारताची मॅच मात्र त्यांनी आयुष्यात टीव्हीवरच बघितलेली. गोव्यात मॅच आहे म्हटल्यावर मीच म्हणालो, मामा चला, दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे, किराणा मामी आणतील. मामी काय म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ज्यांना क्वालिफायर आणि साध्या फ्रेंडलीत काय फरक असतो हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण तिकीट घेताना हाच फरक महत्त्वाचा आहे. एशियन कपला २४ टीम जातात. त्यातल्या १८ वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमधनंच ठरून गेल्या होत्या, राहिलेल्या ६ जागांसाठी सहा ग्रुप, प्रत्येकात चार टीम, आणि ग्रुपमधनं फक्त एक वर जाणार. दुसरा नंबर आला काय आणि चौथा आला काय, घरीच. म्हणजे प्रत्येक मॅच फासावर लटकलेली. आपल्या ग्रुपमधे बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते आणि ड्रॉ निघाल्यावर सगळे खूश, म्हणे सोपा ग्रुप आहे. मग मार्चमधे शिलाँगला बांगलादेशबरोबर ०-०, जूनमधे हाँगकाँगला इंज्युरी टाइममधे पेनल्टी खाऊन ०-१, त्यानंतर मानोलो मार्केझ कोच म्हणून गेले, ऑगस्टमधे खालिद जमील आले. जमील म्हणजे मुंबईच्या मैदानांवर खेळलेला माणूस, महिंद्रा युनायटेडला खेळलेला, २०१७ मधे आयझॉलला आय-लीग जिंकून दिलेला, त्यामुळं आपल्याकडच्या लोकांना जरा जवळचा वाटतो. शिवाय सावियो मेदेरा यांच्यानंतर इतक्या वर्षांनी नॅशनल टीमला पूर्णवेळ भारतीय कोच मिळाला आणि मेदेरा तर गोव्याचेच. आल्या आल्या ताजिकिस्तानात काफा नेशन्स कपमधे ओमानला टायब्रेकरवर हरवून तिसरा नंबर काढला त्यामुळं लोकांच्या आशा परत वर. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमधे आपला स्टॉपर झिंगनला रेड कार्ड मिळालं, दहा जणांवर खेळून ९० व्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी केली, १-१. आता पाच दिवसांनी तीच सिंगापूर टीम आपल्या घरात, जिंकलो तर जिवंत. फिफा रँकिंगमधे आपण १३४ आणि ते १५८. यापेक्षा चांगला सेटअप बघणाऱ्याला काय पाहिजे सांगा.

तिकिटाचं आधी उरकून टाकतो कारण तो विषय काढला की डोकं फिरतं. तिकीट ऑनलाइनच, दर परवडणारे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या अ‍ॅपवरनं काढलं (नाव घेत नाही, ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे) त्यात क्यूआर कोड मॅचच्या दिवशीच उघडणार आणि तो उघडायला नेट पाहिजे, आणि गेटबाहेर एवढी गर्दी जमल्यावर नेट कुठनं येणार. एका बापाच्या खांद्यावर पोरगं, तोंडावर तिरंगा रंगवलेला, आणि बाप मोबाईल आभाळाकडं धरून लॉगिन ओटीपीची वाट बघतोय असं चित्र. आमचा कोड मी लॉजवरनंच वायफायवर उघडून स्क्रीनशॉट मारून ठेवला होता, आणि गेटवरच्या पोरानं मुकाट्यानं स्कॅन केला. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. बाकी पॉवर बँक, पाण्याची बाटली, लायटर, परफ्यूम काही आत सोडत नाहीत, मामांची तंबाखूची पुडी पण गेली, त्यावर ते पहिली दहा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत.

आता जागा. फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, १९८९ पासून उभं आहे, क्षमता साधारण १९ हजार, एकेकाळी इथं क्रिकेटच्या वनडे पण झाल्यात, २०१७ चा अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कप झाला (आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारताच्या टीममधे होता, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, माफ करा), आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, फायनली झाल्या. कोलकात्याचं सॉल्ट लेक प्रचंड आहे, पण तिथं मधे धावायचा ट्रॅक असल्यामुळं खेळाडू लांब दिसतात असं तिथं जाऊन आलेले सांगतात. इथं तसं नाही. १९ हजार हा आकडा ऐकायला लहान वाटतो पण फुटबॉलला तोच बरोबर आहे, आवाज आतल्या आत राहतो आणि टचलाइनवर कोच काय हातवारे करतोय ते पण दिसतं. आम्ही बाजूच्या स्टँडमधे वरच्या अंगाला बसलो होतो. गोलमागची जागा स्वस्त असते पण तिथनं एकाच बाजूचा खेळ नीट दिसतो, पलीकडं काय झालं ते पब्लिकच्या आवाजावरनं ओळखायचं. थोडे पैसे जास्त घाला पण बाजूला बसा आणि वर बसा. एकदम खालच्या रांगांत बसून सेल्फी भारी येतो, मॅच कळत नाही.

वर बसल्यावर काय होतं तर टीव्ही जे दाखवत नाही ते दिसतं. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागं पळतो. इथं बॉल त्यांच्या डीमधे (गोलपुढच्या चौकटीत) असताना आपली बॅकलाइन कुठं उभी आहे, मधल्या दोन खेळाडूंमधे किती अंतर पडलंय, विंगर परत येतोय का कमरेवर हात ठेवून उभा आहे, सगळं एका नजरेत. मामांना तर हे म्हणजे पर्वणी. पहिल्या पाच मिनिटांतच तंबाखूचा राग विसरून बोट दाखवायला लागले, तो बघ, तो आत जास्त घुसलाय, त्याच्या मागची जागा मोकळी आहे, तिथनं मार खाणार आपण. आमच्या बाजूला एक गोव्याचे आजोबा बसले होते, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, तेही तेच म्हणाले पण कोंकणीत. मग काय, दोघांची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत. आजोबा ब्रह्मानंद संखवाळकर गोलमधे असतानाच्या गोष्टी सांगतायत, साळगावकर, धेंपो, चर्चिल असल्या गोव्याच्या क्लबांत कुठल्या साली कोणी कोणाला कसं हाणलं, आणि मामा त्यांना आमच्या कोल्हापूरच्या प्रॅक्टिस क्लब आणि दिलबहारच्या गोष्टी ऐकवतायत, दोघांनाही एकमेकांची माणसं माहीत नाहीत पण माना हलवतायत. गोव्यात फुटबॉल हा सरकारी कागदावर सुद्धा राज्याचा खेळ आहे, २०१२ पासून, आणि ते तिथं बसल्यावर जाणवतं. शेजारची कॉलेजची मुलगी ऑफसाइड कसा नव्हता हे आपल्या मित्राला समजावून सांगत होती, तो मान डोलवत होता.

छेत्रीचं नाव स्पीकरवर आलं तेव्हाचा आवाज वेगळाच. २०२४ च्या जूनमधे कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून रिटायर झालेला माणूस, परत बोलवावा लागला, वय ४१. टाळ्या मी पण वाजवल्या, गळा बसेपर्यंत वाजवल्या असं म्हणा हवं तर, पण ४१ वर्षांच्या माणसाला हाक मारावी लागते यात आपल्या नऊ नंबरच्या, म्हणजे गोल मारणाऱ्या स्ट्रायकरच्या, दुष्काळाची अख्खी कहाणी आली. मामा म्हणाले, आमच्या तालमीत पण असंच आहे, जुना खेळाडू सोडत नाही आणि नवा तयार होत नाही. आजोबांनी यावर नुसता हुंकार दिला.

मॅच. १४ व्या मिनिटाला छांगतेनं डीच्या बाहेरनं जो हाणलाय तो मी जन्मात विसरणार नाही. पायावरनं बॉल सुटला त्या क्षणालाच कळलं, तुम्हाला मैदानावर खेळायची सवय असेल तर आवाजावरनं कळतं, ठप् असा एक कोरडा आवाज येतो बॉल पायाच्या बरोबर जागेवर बसला की. अख्खं स्टेडियम उभं. पुढच्या रांगेतल्या माणसानं ओळख ना पाळख मला मिठी मारली, त्याचा कोल्ड्रिंकचा ग्लास माझ्या शर्टवर, काही वाटलं नाही. मिझोरामचा पोरगा, मुंबई सिटीचा कॅप्टन, त्यामुळं मुंबईहून आलेला एक घोळका होता तो तर वेडाच झाला. ब्लू पिल्ग्रिम्सवाल्यांचा (आपल्या टीमच्या चाहत्यांचा ग्रुप) ढोल, निळे झेंडे, तिकडच्या कोपऱ्यातनं सुरू झालेली टाळी फिरत फिरत आमच्यापर्यंत. तो पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा असा होता की त्यासाठी मी परत तिकीट काढीन, दुप्पट दरानं काढीन. टीव्हीवर गोल बघणं आणि तिथं असणं याची तुलनाच करू नका.

आणि मग आपलं नेहमीचं. एक गोल झाला की आपण मागं सरकतो. कोणी सांगत असेल असं वाटत नाही, भीतीच असणार ती, पण वरनं बघितलं की अख्खी निळी लाइन हळूहळू आपल्याच डीकडं सरकताना दिसते, दर पाच मिनिटाला दोन-तीन पावलं. बॉल क्लिअर केला की तो परत त्यांनाच मिळतो कारण मधे घ्यायला आपलं कोणी नाहीच. मामा चाळीसाव्या मिनिटापासून एकच वाक्य म्हणत होते, हाफटाइमपर्यंत काढा रे, एवढं काढा. ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या सोंग उई-यंगनं गोल केला. १-१. हाफटाइमला जाताना जी टीम खाली मान घालून जाते आणि जी उड्या मारत जाते त्यात मॅचचा निकाल अर्धा लागलेला असतो, आणि आपली टीम कुठली होती ते सांगायला नको. झिंगन असता तर, झिंगन असता तर, असं आमच्या आजूबाजूला सगळे म्हणत होते. त्याचं रेड कार्ड त्या रात्री महागात पडलं हे खरं. पण एक माणूस नसला की भिंत पडत असेल तर ती भिंत नव्हती.

हाफटाइमचं खाणं. आतल्या स्टॉलवर एकाच ठिकाणी दोनशे माणसं, समोसा गार, पाण्याचा ग्लास बाहेरच्या बाटलीच्या दरात आणि सुट्टे नाहीत म्हणून वर एक चॉकलेट हातात. माझ्या मते आत काही खाऊच नका. मॅचच्या आधी बाहेर खा, हे स्टेडियम मडगावच्या कदंब बस स्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे आणि त्या सगळ्या पट्ट्यात संध्याकाळी गाडे लागतात. रोस ऑम्लेट खा. ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रस्सा ओततात, वर कांदा, लिंबू, बाजूला पाव. मामांनी पहिला घास घेतला आणि गाड्यावाल्याला म्हणाले, अण्णा, रस्सा अजून वाढा की, आमच्याकडं रस्सा मोजून देत नाहीत. तो हसला आणि वाढला. आपल्या कटाच्या तिखटापुढं हा रस्सा म्हणजे शांत स्वभावाचा चुलत भाऊ, खोबऱ्याचा आणि भाजलेल्या मसाल्याचा वास जास्त, जाळ कमी. चोरीस पाव (डुकराच्या सॉसेजचा) पण मिळतो, ज्यांना चालतं त्यांनी सोडू नका. या भागाला पाचपैकी पाच, आणि याचं श्रेय कुठल्याही फेडरेशनला जात नाही.

सेकंड हाफबद्दल जास्त लिहायची इच्छा नाही. ५८ व्या मिनिटाला परत तोच सोंग, १-२. त्यानंतर अर्ध्या तासाच्या वर वेळ होता, घरचं मैदान, घरचं पब्लिक, आणि एक गोल पाहिजे होता, निदान एक. आपण काय केलं तर लांब लांब बॉल टाकले. मधनं काही नाही, विंगवर जायचं, क्रॉस मारायचा, त्यांचा स्टॉपर हेड करून काढणार, परत तेच. माणसं बदलली, आराखडा तोच. मामांचं म्हणणं होतं की दमलेत पोरं, आणि त्यात तथ्य आहे, कारण त्या वेळेला आयएसएलचा सिझन सुरू कधी होणार याचाच पत्ता नव्हता, फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आलेला आणि नवीन काही ठरेना, मग खेळाडूंना मॅच-फिटनेस कुठनं येणार. पेठेतली पोरं सुद्धा लीगच्या आधी दोन महिने घाम गाळतात आणि इथं देशाच्या टीमला लीगच नाही. ही सबब म्हणून मी मान्य करतो. पण सिंगापूरची लीग काही स्पेनची लीग नाही ना राव, त्यांचा कोच गॅव्हिन ली तर तेव्हा हंगामी म्हणून उभा केलेला तरुण माणूस, आणि त्यानं जमीलसारख्या मुरलेल्या माणसाला त्या रात्री मैदानाच्या मधल्या भागात सरळ सरळ खाल्लं.

सोंगवरनं एक विषय स्टँडमधे फार चघळला गेला. तो जन्मानं कोरियन, सिंगापूरच्या क्लबकडनं वर्षानुवर्षं खेळला आणि २०२१ मधे तिथला नागरिक झाला. मामा म्हणाले, मग आपण का नाही आणत कोणाला. त्यांना सांगितलं की आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या पोराला खेळायचं असेल तर तिथला पासपोर्ट सोडावा लागतो, कोण सोडेल. (नंतर नोव्हेंबरमधे बेंगळुरूच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा सोडून आपला घेतला, त्याला सलाम.) गोव्याचे आजोबा यावर म्हणाले ते मला जास्त पटलं, की बाहेरनं आणायचे ते आणा, पण आमच्या गावोगावच्या चर्चच्या मैदानावर सकाळपासून खेळणारी पोरं होती ती कुठं गेली ते आधी बघा.

आता पब्लिकचा एक स्टार का कापला ते. फायनल व्हिसल झाली, सिंगापूरवाले मैदानात उड्या मारतायत, आपली पोरं गुडघ्यावर हात ठेवून उभी, आणि आमच्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या. वेल प्लेड वेल प्लेड. मला ते झेपलं नाही. १३४ नंबरची टीम १५८ नंबरच्या टीमकडनं घरात हरून एशियन कपमधनं बाहेर पडते आणि आपण टाळ्या वाजवतो? शाहू स्टेडियमवर हरलेल्या टीमला त्यांच्याच पेठेचे लोक बाहेर पडेपर्यंत ऐकवतात, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोंड दाखवायची सोय नसते, आणि म्हणून पुढच्या मॅचला पोरं जीव टाकून पळतात. मामांचं उलटं मत. ते म्हणाले, तुला काय माहीत, शिव्या खाऊन कोणी चांगला खेळत नाही, मी खेळलोय, मला माहीत आहे, ज्या दिवशी लोक गप्प बसतात त्या दिवशी जास्त लागतं. असेल. पण मला अजून वाटतं की आपण फुटबॉलचे चाहते फार लवकर समजूत घालून घेतो. सगळेच टाळ्या वाजवत होते असंही नाही, आमच्या खालच्या रांगेतला एक माणूस शेवटची दहा मिनिटं एकच वाक्य ओरडत होता, कितें करता रे, कितें करता रे, आणि मला तोच त्या दिवशीचा सगळ्यात प्रामाणिक प्रेक्षक वाटला. त्याच दिवशी सकाळी दिल्लीत क्रिकेटवाल्यांनी वेस्ट इंडिजला हरवून टेस्ट सिरीज २-० नं खिशात घातली होती. तिथं १-१ झाली असती तर चार दिवस टीव्हीवर पंचनामा चालला असता. इथं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर एक कॉलम.

बाहेर पडताना पोरं मोबाईलवर आकडेमोड करत होती, अजून चान्स आहे का म्हणून. नव्हता. आपले चार मॅचमधे २ पॉइंट, पुढच्या दोन्ही जिंकल्या तरी ८. हाँगकाँग आणि सिंगापूर दोघांचे आधीच ८-८ आणि त्यांची आपसात एक मॅच बाकी, म्हणजे ड्रॉ झाली तरी दोघं ९ वर. गणित तिथंच संपतं. नंतर १८ नोव्हेंबरला सिंगापूरनं हाँगकाँगमधे जाऊन २-१ नं जिंकून एशियन कपचं तिकीट काढलं, १९८४ ला ते खेळले होते पण तेव्हा यजमान म्हणून, मैदानावर क्वालिफाय होऊन जायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्याच रात्री आपण ढाक्यात बांगलादेशकडनं ०-१, २००३ नंतर पहिल्यांदा. त्यामुळं फातोर्ड्याची हार ही एका वाईट रात्रीची गोष्ट होती असं म्हणायची पण सोय राहिली नाही.

येण्याजाण्याचं थोडं, कारण कोल्हापूर-सांगली-बेळगाव साइडचे लोक विचारणार. आम्ही गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं गाडीनं गेलो. बांद्याच्या पुढं रस्ता लोण्यासारखा, पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असल्यामुळं अडकलो, नवीन झुआरी पुलामुळं पुढचा वेळ वाचला. दिवाळीच्या आधीचा आठवडा असल्यानं वाटेत गावोगावी नरकासुराचे सांगाडे उभे होते, बांबू आणि गवत, काहींना नुसते पाय लावलेले, पोरं वर चढून काम करतायत. एका ठिकाणच्या नरकासुराच्या पायात फुटबॉलचे स्टड घातले होते, शपथ. गाडी नसेल तर मडगाव स्टेशनवरनं पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, एकट्या माणसाला सगळ्यात सोपा, भाडं आधी ठरवा. ओला-उबर गोव्यात नाही हे लक्षात ठेवा. मॅच सुटल्यावर मात्र टॅक्सीवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात, एकानं आमच्यासमोर एका कुटुंबाला दोन किलोमीटरसाठी जो दर सांगितला त्यात माझं पेट्रोल आलं असतं. अर्धा तास थांबा, गर्दी पांगू द्या, रोस ऑम्लेटचा गाडा तेव्हा पण चालू असतो.

लहान मुलांना न्यावं का? खुशाल न्या, घरच्या बायामाणसांना घेऊन जा, आमच्या स्टँडमधे कितीतरी कुटुंबं होती आणि कुठं आचरटपणा दिसला नाही. ढोलाचा आवाज सहन होत नसेल तर ब्लू पिल्ग्रिम्सच्या कोपऱ्यापासून लांब बसा. जर्सी बाहेर रस्त्यावर घेऊ नका, मी मामांना घेऊन दिलेल्या जर्सीवरचा छेत्रीचा ११ नंबर पहिल्या धुण्यात एकाचा झाला. आणि मॅच संपल्यावर लगेच आंबोलीच्या घाटाला लागायचं डोक्यात असेल तर काढून टाका, रात्री वर धुकं असतं आणि डोळ्यावर झोप, सावंतवाडीत थांबा, सकाळी चहा पिऊन निघा.